सोतेर्नची कुजकी द्राक्षे

द्राक्षाला बुरशी लागली की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. फ्रान्सच्या नैऋत्येला मात्र असा एक मुलूख आहे, की शरद ऋतूत तिथला शेतकरी बुरशी कधी येते याची वाट पाहतो आणि नाही आली तर चिंतेत पडतो. त्या मुलखाचे नाव सोतेर्न. बोर्डो शहरापासून अंतर साधारण ४० किलोमीटर. गारोन नदीच्या बाजूने आगगाडी जाते. बार्साक, प्रेन्याक अशी लहान स्टेशने लागतात. सोतेर्न, बोम, फार्ग, प्रेन्याक आणि बार्साक ही पाच गावे, बुटक्या टेकड्या आणि द्राक्षवेलींच्या ओळीच ओळी. येथली सोनेरी, गोड पांढरी वाइन जगातल्या महागड्या वाइनमध्ये मोडते. १८११ सालची एक बाटली २०११ मध्ये लंडनला ७५ हजार पौंडांना विकली गेली.

ही सारी किमया सिराँ नावाच्या एका लहानशा नदीची. ती झाडांच्या दाट सावलीतून येते, म्हणून तिचे पाणी थंड. गारोनचे त्या मानाने उबदार. दोघींचा संगम होतो तिथे शरदात पहाटे धुके उठते आणि बागांवर पसरते. त्या ओलीत बुरशी धरते, दुपारच्या उन्हात ती आटोक्यात राहते. बुरशीने सालीला बारीक छिद्रे पडतात, पाणी उडून जाते, मणी मनुक्यासारखा सुरकुततो आणि आत उरतो तो दाट, गोड रस. फ्रेंच लोक याला 'खानदानी कुज' म्हणतात. गंमत अशी, की बुरशीची जात एकच! पाऊस लागून राहिला, ऊन पडले नाही, तर तीच बुरशी सारा घड सडवते. मग तिला कोणी खानदानी म्हणत नाही.

१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभावावरून बोर्डोच्या बागांची प्रतवारी लावली. पांढऱ्या वाइनमध्ये 'शातो दिकेम' ही एकच बाग सर्वांच्या वर बसवली. ती उतरंड आजही जवळजवळ तशीच आहे. या बागेचा कारभार कधी काळी जोसेफिन नावाच्या बाईने सांभाळला. १७८८ मध्ये ऐन तारुण्यात ती विधवा झाली, पुढे क्रांतीच्या धामधुमीत तुरुंगातही गेली. बाई सरदार घराण्यातली, पण कारभार चोख.

बाटलीवर बागेचे नाव असते. तोडणी करणाऱ्यांचे कुठेच नसते आणि खरे काम तर त्यांचेच आहे. बुरशी सगळ्या मण्यांना एकदम लागत नाही. म्हणून मजूर एकाच वेलीकडे पाच-सहा वेळा येतात आणि दर खेपेला तयार झालेले मणीच तेवढे काढतात. हे काम कधी कधी नोव्हेंबरपर्यंत चालते. कोणती कुज चांगली आणि कोणती वाईट, हे त्याच जागी, त्याच क्षणी नजरेने ओळखायचे. येथे तोडणी हातानेच, अनेक खेपांत व्हावी असा कायद्याचाच नियम आहे. वजनावर मजुरी दिली तर हे काम कोणाला परवडणार?

आता हिशेब पाहा. दिकेमच्या बागेत एका हेक्टरला, म्हणजे अडीच एकराला, सरासरी ९०० लिटरच्या आसपास वाइन निघते. एका वेलीमागे जेमतेम एक पेला, असे तिथे म्हणतात. तेही साल चांगले असेल तर. १९९२ आणि २०१२ मध्ये माल मनासारखा झाला नाही, तेव्हा मालकांनी त्या नावाची एकही बाटली काढली नाही. मजुरांचे श्रम मात्र त्या साली कमी झाले नव्हते.

अलीकडे गोड वाइनची मागणी घटली आहे. त्यामुळे येथल्या बऱ्याच बागा कोरड्या पांढऱ्या वाइनकडे वळल्या आहेत. तिच्यासाठी द्राक्षे लवकर, ताजी असतानाच तोडतात. धुक्याची वाट पाहावी लागत नाही आणि मजुरांच्या पाच-सहा खेपाही लागत नाहीत.