गुंडूचं नाक आणि सांगलीचा रस्ता

शुक्रवारची संध्याकाळ, ऑफिसातून सटकायची घाई आणि सोमवारपर्यंत मोबाईल सायलेंटवर! प्लॅन एकदम साधा. पुणे-सातारा-सांगली, दोन रात्री, सोबत बायको आणि आमचा पग, गुंडू. निघण्याआधी गाडी चकाचक धुतली आणि डॅशबोर्डवर लव्हेंडर जेलची नवी कोरी डबी चिकटवली. कुत्रा बरोबर म्हणजे वास मारणारच, नाही का?

खंबाटकी घाट चढेपर्यंत गुंडूची पार वाट लागली. शिंकांवर शिंका, तोंडातून लाळ, डोळ्यांत पाणी. गाडी लागली असेल म्हणून आम्ही काचा बंदच ठेवल्या आणि एसी वाढवला. घाट संपल्यावर दार उघडलं, तर पठ्ठ्याने टुणकन उडी मारली आणि परत आत यायलाच तयार नाही!

साताऱ्यात कंदी पेढ्यांच्या आधी जनावरांचे डॉक्टर शोधले. त्यांनी गुंडूला तपासलं, मग गाडीत डोकं घालून हुंगलं आणि ती डबीच काढून माझ्या हातात दिली. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख. कुत्र्याच्या नाकात, जातीप्रमाणे, १० ते ३० कोटी! आपल्याला जो मंद सुगंध, तो त्याच्यासाठी कानाशी लावलेला लाऊडस्पीकर. त्यात पगचं नाक चपटं, श्वास आधीच अडखळत चालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीरस्त्याने अजिंक्यतारा गाठला. खाली सगळं सातारा शहर, वर भन्नाट वारा आणि गुंडू प्रत्येक झुडूप हुंगत सुटलेला. तेव्हा ट्यूब पेटली. कुत्र्याला वासाचं वावडं नसतं, कोंडलेल्या वासाचं असतं. इथे नको वाटलं तर तो दोन पावलं बाजूला होतो. बंद गाडीत, बंद फ्लॅटमध्ये बिचारा जाणार कुठे?

दुपारी काचा खाली करून सांगलीकडे निघालो. कराड गेलं, पेठ नाक्यावरून आत वळलो, आष्टा ओलांडलं. सांगली म्हणजे हळदीची पेठ. इथल्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकनही मिळालं. गणपतीचं दर्शन घेतलं, कृष्णेच्या काठावर भेळ झाली आणि मुक्काम मावशीकडे.

दिवेलागणीला मावशीने देवापुढे कापूर लावला, धूप केला. काकांनी कोपऱ्यात मच्छर कॉइल पेटवली. गुंडू उठून थेट मागच्या दाराशी. मी त्याला ओढायला लागलो तशी मावशी म्हणाली, ''अरे, त्याला कळतंय ते तुला कळंना? दार उघड की!'' कॉइल मी हळूच अंगणात नेली. २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात, एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म धूलिकण निघतात असं आढळलं होतं. म्हणजे प्रश्न एकट्या गुंडूचा नव्हताच!

तुमच्याकडेही कोणी चारपायी असेल तर एवढं कराच. अगरबत्ती-धूप लावताना खिडकी उघडी आणि त्याला बाहेर पडायला दार मोकळं. डिफ्युझरमध्ये टी ट्री किंवा निलगिरीचं तेल नको. त्याचे थेंब केसांवर बसतात आणि तो ते चाटतो. कापूर आणि डांबराच्या गोळ्या त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा ठेवा, पोटात गेल्या तर विषच. शिंका, लाळ, खोकला दिसला की आधी मोकळी हवा. धाप लागली, तोल गेला, अंग थरथरलं तर वाट न बघता डॉक्टर.

रविवारी परत निघालो. ती डबी साताऱ्यातच कचऱ्यात गेली होती. गाडीत आता पेढ्यांचा आणि कुत्र्याचा असा मिक्स वास येतो. ऑफिसातले मित्र लिफ्ट घेताना नाक मुरडतात. मुरडू देत! काच त्यांना खाली करता येते, गुंडूला नाही.