अडीच सूत, तीन सूत

पूलच्या काठीचे दोन तुकडे असतात आणि ते आट्यांनी एकमेकांत फिरवून बसवतात, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मिशिगनला मुलाकडे राहायला आल्यावर कळलं. तोवर माझा या खेळाशी संबंध एवढाच, की पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला, हे वडील अभिमानाने सांगायचे. बाकी आमच्या वाड्याची धाव कॅरमपर्यंत. स्ट्रायकर हातात असला की आम्ही राजे.

ही ओळख करून दिली ती दादांनी. आपल्या मंडळातले जुने सभासद त्यांना ओळखतातच. दादा इथे आले १९७१ साली आणि मोटारींच्या कारखान्यात लागले. ते सांगायचे, "सुरुवातीला जेवणाच्या सुट्टीत कोणाशी काय बोलायचं तेच कळायचं नाही. बेसबॉल कळत नव्हता, मासेमारी कळत नव्हती. पूलच्या टेबलापाशी मात्र बोलावं लागत नाही. कोन तर कॅरमचेच!" पुढे १९८६ साली 'द कलर ऑफ मनी' हा पॉल न्यूमन आणि टॉम क्रूझचा सिनेमा आला आणि अमेरिकेत पूलची लाटच आली. त्याच हिवाळ्यात दादांनी स्वतःची काठी घेतली. वहिनींना ते मुळीच आवडलं नव्हतं. दर मंगळवारी संध्याकाळी नवरा धुराने भरलेल्या हॉलमध्ये जातो, हे त्यांनी तीस वर्षं सहन केलं, असं त्या स्वतःच म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी दादा गेले. तळघरात त्यांची काठी मिळाली. पुढचा भाग, म्हणजे शाफ्ट, केळीसारखा वाकला होता. इथल्या हिवाळ्यात भट्टीची कोरडी हवा आणि उन्हाळ्यात दमट. त्यात भिंतीला टेकवून ठेवलेलं मेपल सरळ राहत नाही. मागची मूठ मात्र जशीच्या तशी होती. तिच्यावर गुंडाळलेली लिननची दोरी जिथे दादांचा हात पडायचा तिथे काळपट झालेली.

त्यांच्या लेकीला त्या मुठीने खेळायचं होतं. तीही लीगमध्ये खेळते आणि तिच्याकडे स्वतःची चांगली काठी आहे. वहिनींना ती मूठ दादांच्या फोटोखाली काचेच्या पेटीत ठेवायची होती. दोघींमध्ये यावरून चार महिने नीट बोलणं नव्हतं. मी पिंपरीच्या एका टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, शिवाय मुलाच्या गॅरेजमध्ये माझा छोटा लेथ. त्यामुळे प्रकरण माझ्याकडे आलं. "काका, माझा शाफ्ट बाबांच्या मुठीवर बसवून द्याल?" लेकीने विचारलं. वहिनी तिच्यासमोरच म्हणाल्या, "भाऊजी, मुठीला काही करू नका." मी शब्द दिला.

आता अडचण सांगतो. मुठीच्या टोकाला स्टीलची पिन असते आणि शाफ्टमध्ये तिच्या मापाचे आटे. दादांची पिन ५/१६ इंची, इंचाला १४ आटे. लेकीची ३/८ इंची, इंचाला १० आटे. आपल्या कारागिरांच्या भाषेत, इंचाचे आठ सूत धरले तर एक अडीच सुती आणि दुसरी तीन सुती. आणि ही दोनच मापं नाहीत. ५/१६ मध्येच १८ आट्यांची आहे, ३/८ मध्ये ११ आट्यांची आहे, शिवाय अर्ध्या-एक फेरीत बसणाऱ्या खास पिना वेगळ्या. हार्डवेअरच्या दुकानातला ३/८ चा साधा बोल्ट १६ आट्यांचा असतो, तो इथे कामाचा नाही. काठीत आटे बऱ्याचदा थेट लाकडात पाडतात आणि बारीक आटे लाकडात टिकत नाहीत, म्हणून ते असे जाड.

अशा बेबनावाची किंमत या देशाने एकदा मोठी मोजली आहे. फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोरला आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फियाहून बंब आगगाडीने आले, पण त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. दीड हजारांवर इमारती जळाल्या. मदत दारात उभी, पण जोडता येईना. त्या दोघी मायलेकींकडे पाहताना मला ही गोष्ट पुष्कळदा आठवली.

पहिला विचार कोणाच्याही मनात येतो तो हा, की तीन सुती भोकात अडीच सुती आट्यांची एक नळी बसवावी. हिशोब केला की तो विचार सोडावा लागतो. दोन्ही व्यासांतला फरक दीड मिलिमीटर, म्हणजे नळीची भिंत पाऊण मिलिमीटरची. त्यात आतून-बाहेरून आटे पाडायचे तर एकेक आटाच मिलिमीटरभर खोल! धातू उरतच नाही. दुसरा मार्ग दादांच्या मुठीची पिन बदलण्याचा. तो वहिनींनी बंद केला होता आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात नव्हता. राहिला तिसरा मार्ग: शाफ्ट बदलायचा आणि लेकीची स्वतःची मूठही दादांच्या मापाची करायची. म्हणजे घरात एकच माप. मग कोणताही शाफ्ट कोणत्याही मुठीवर बसेल. लेकीच्या मुठीची कंपनीची हमी यात जाणार होती. ती म्हणाली, "जाऊ दे."

तिचा शाफ्ट लेथच्या पोकळ स्पिंडलमधून ओवला आणि मागचं भोक चार सुती केलं. इथे ड्रिल वापरायचं नाही. ते जुन्या भोकाच्या मागे जातं. एकधारी हत्याराने हळूहळू बोअर करावं लागतं. त्यात पितळेचा बुश, आत ५/१६ चे १४ आटे, बाहेर एपॉक्सी धरायला खाचा. दादांच्या मुठीला स्टीलच्या कडीत एक उथळ खोबण आहे, तिच्यात बसेल अशी ओठासारखी कड बुशाला ठेवली. एपॉक्सी रात्रभर सुकू दिलं आणि शाफ्टच्या तोंडावर शेवटचा हलका कट सर्वात शेवटी घेतला.

हा शेवटचा कट म्हणजेच सगळं काम. आटे फक्त दोन तुकडे ओढून धरतात. काठी सरळ राहते ती तोंडाला तोंड नीट भिडल्याने. जोडापाशी काठी साधारण २१ मिलिमीटर जाड आणि शाफ्ट २९ इंच लांब. तोंड एका बाजूला केसाच्या निम्म्या जाडीइतकं, ०.०४ मिलिमीटर, उंच राहिलं तर टोक जवळपास दीड मिलिमीटर बाजूला जातं. टेबलावर तेवढ्याने चेंडू हुकतो.

मग लेकीची मूठ. जुन्या पिनेला सोल्डरिंग आयर्नने ताप दिला, एपॉक्सी मऊ झालं, पिन फिरवून काढली. भोकात मेपलची खुंटी, तिच्यात नवं भोक, नवी पिन आणि कडीत दादांच्या मुठीसारखीच खोबण.

जोडणीच्या दिवशी मी दोघींनाही बोलावलं. दादांच्या मुठीवर शाफ्ट फिरवला; शेवटच्या फेरीला तोंडं भिडली आणि फट दिसेना. काठी सपाट टेबलावर लोटली, ती न उडता सरळ घरंगळत गेली. लेक म्हणाली, "आई, बाबांनी कधी काही काचेत ठेवलं होतं का?" वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी लिननवरच्या काळ्या डागावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे मात्र पुसू नकोस."

पुढच्या मंगळवारी वहिनी पहिल्यांदा त्या हॉलमध्ये गेल्या. हल्ली तिथे धूर नसतो. दादांबरोबर खेळलेले दोन म्हातारे अजून येतात. त्यांनी मूठ लांबूनच ओळखली आणि खुर्ची ओढून वहिनींना बसवलं. लेक तो सामना हरली. वहिनी तरीही पुढच्या मंगळवारी गेल्या, डब्यात चकल्या घेऊन.

काठीच्या पिशवीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे: ५/१६, १४ आटे, खोबणीची खोली, कडीचा व्यास. शेजारी लेकीची काढलेली जुनी पिन पुडीत बांधून. दादांचा नातू आता नऊ वर्षांचा आहे. त्याला कधी शाफ्ट लागला, तर जो कोणी लेथवर उभा असेल, त्याला माप घेत बसावं लागू नये.