अ‍ॅन एलियटची आशा

प्रेमकथेचा शेवट गोड होणार हे वाचकाला बहुधा आधीच ठाऊक असते, आणि त्यामुळे प्रेमकथा लिहिणाऱ्याचा आशावाद अनेकांना स्वस्त वाटतो. ज्या दुःखाचा परिहार लेखकाने आरंभीच ठरवून ठेवला आहे त्याची झळ वाचकाला कशी लागावी, असा हा आक्षेप असतो. जेन ऑस्टेनला (1775–1817) त्याची पुरती जाणीव होती, कारण ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’च्या अखेरीस, हाती उरलेली थोडकी पाने पाहूनच वाचकाने सुखान्त ताडला असेल, असे ती मोकळेपणाने मान्य करते. मात्र ‘पर्स्वेजन’ या तिने पूर्ण केलेल्या शेवटच्या कादंबरीत आशा ही केवळ कथानकाची सोय राहत नाही. ती श्रद्धेचा प्रश्न होते.

या कादंबरीची नायिका अ‍ॅन एलियट हिने एकोणिसाव्या वर्षी फ्रेडरिक वेंटवर्थ या नौदल अधिकाऱ्याशी ठरलेले लग्न, आईच्या जागी असलेल्या लेडी रसेलच्या सल्ल्यावरून मोडलेले आहे, कारण त्याच्यापाशी ना पैसा होता ना वशिला. सत्ताविसाव्या वर्षी मागे वळून पाहताना तिला वाटते की तसला अतिसावधपणा माणसाच्या कर्तृत्वाचा अपमान करतो आणि ‘प्रॉव्हिडन्स’वर, म्हणजे ख्रिस्ती धर्मविचारानुसार सृष्टीची काळजी वाहणाऱ्या ईश्वरी योजनेवर, अविश्वास दाखवतो. कर्तृत्व आणि ईश्वर ही दोन्ही या विचारात शेजारी उभी आहेत, ही बाब फार मोलाची आहे. स्टीव्हन्टनच्या रेक्टरची, म्हणजे तेथील चर्चच्या प्रमुख धर्मगुरूची, मुलगी असलेली ऑस्टेन सर्व काही देवावर सोपवून स्वस्थ बसण्याला श्रद्धा मानत नाही. उद्याचा भरवसा नसतानाही आज पाऊल उचलण्याचे धैर्य तिच्या लेखी श्रद्धेतूनच येते.

हे लेखन सुखासीन दिवसांत झालेले नाही. ऑस्टेनची बहीण कॅसँड्रा हिचा वाग्दत्त वर 1797 मध्ये वेस्ट इंडीजकडे गेला असता तापाने दगावला होता आणि कॅसँड्राने पुढे लग्न केले नाही. कादंबरीचे लेखन चालू असतानाच 1816 च्या आरंभी ऑस्टेनच्या एका भावाचे जहाज बुडाले, दुसऱ्या भावाची बँक कोसळली, आणि त्याच वर्षी तिची स्वतःची प्रकृतीही ढासळू लागली. अशा काळात तिने कादंबरीचा शेवट लिहून पूर्ण केला, आणि तो मनास न आल्याने काही आठवड्यांतच बदलला.

रद्द केलेल्या प्रकरणांचे हस्तलिखित आज ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहे. त्यात अ‍ॅडमिरल क्रॉफ्ट या वेंटवर्थच्या मेहुण्याने सोपवलेल्या एका अवघड निरोपाच्या निमित्ताने वेंटवर्थ आणि अ‍ॅन समोरासमोर येतात आणि गैरसमज फिटतो. म्हणजे सुख बाहेरून, योगायोगाने चालत येते. नव्या शेवटात बाथ शहरातील ‘व्हाइट हार्ट’ या खाणावळवजा वसतिगृहात वेंटवर्थ पत्र लिहीत बसलेला असताना, पुरुषाचे प्रेम अधिक टिकते की स्त्रीचे, यावर अ‍ॅन वेंटवर्थचा मित्र कॅप्टन हारव्हिल याच्याशी वाद घालते. सारी पुस्तके स्त्रीच्या चंचलतेची साक्ष देतात असे तो म्हणतो, तेव्हा लेखणी आजवर पुरुषांच्याच हाती होती म्हणून ती साक्ष आपण मानणार नाही, असे ती ठामपणे सांगते. आणि आशा मावळल्यावरही प्रेम करीत राहणे एवढाच अधिकार ती स्त्रियांसाठी मागून घेते. वेंटवर्थ ते ऐकतो आणि त्याचे पत्र तिच्या हाती पडते. कथा सांगणाऱ्याची श्रद्धा नेमकी कशी असते हे येथे कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक स्पष्ट होते: खरे बोललेले शब्द कुणाच्या तरी कानी पडतील, या भरवशावरच तो लिहीत असतो.

याच कादंबरीतील मिसेस स्मिथ ही विधवा, दरिद्री आणि आजाराने पंगू झालेली स्त्री, दोन खोल्यांत राहूनही आनंदी असते. हे केवळ सोशिकपण किंवा निग्रह नव्हे, पुन्हा उमेद धरणारे मन ही स्वर्गाचीच देणगी असावी, असा विचार अ‍ॅनच्या मनात येतो. मिसेस स्मिथ संत नाही, ती प्रसंगी स्वार्थासाठी सत्य दडवतेही. पण त्यामुळे तिच्या उमेदीची किंमत उणावत नाही, आणि लेखिकेची ही उदार दृष्टी आदरास पात्र आहे.

कथा 1814 च्या उन्हाळ्यात सुरू होऊन 1815 च्या आरंभापर्यंत येते, म्हणजे नेपोलियन एल्बा बेटावर असताना लाभलेल्या अल्पकाळच्या शांततेत ती घडते. लेखनाला आरंभ झाला तो ऑगस्ट 1815 मध्ये, वॉटर्लूच्या लढाईनंतर. त्यामुळे ती शांतता लवकरच मोडणार होती हे लेखिकेला ठाऊक होते आणि पहिल्या वाचकांनाही. तरीही कादंबरीच्या अखेरच्या परिच्छेदात ती नव्या युद्धाच्या भीतीचा उल्लेख गाळत नाही, आणि नौदलातील पुरुषाशी लग्न करणाऱ्या अ‍ॅनला त्या धास्तीसकट सुखी होऊ देते.