लॅमिंग्टन रोडची तार

आमचे अण्णा गेल्या जूनमध्ये पडले आणि हॉलमधून आतल्या खोलीत मुक्कामाला गेले. त्यांच्या एल. पीं.चे कपाट, रेकॉर्ड प्लेअर आणि ॲम्प्लिफायर मात्र हॉलमध्येच राहिले. आत पलंग आणि औषधांचे टेबल ठेवल्यावर वीतभरही जागा उरली नव्हती. महिनाभर अण्णांनी तक्रार केली नाही. एक दिवस सौ.ला एवढेच म्हणाले, “भिंतीपलीकडचे गाणे म्हणजे शेजाऱ्याकडची पंगत. वास तेवढा येतो!”

तेव्हा निदान दोन्ही स्पीकर आत न्यायचे ठरले. भिंतीच्या कडेने माप घेतले, तर एकेका स्पीकरला नऊ मीटर तार हवी. आजकाल तारसुद्धा घरबसल्या मागवता येते. पण ज्या गोष्टीतले आपल्याला काही कळत नाही ती विचारून घ्यावी, म्हणून एका शनिवारी मी लॅमिंग्टन रोड गाठला.

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरले की हा रस्ता हाकेच्या अंतरावर आहे. 1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव त्याला मिळाले. आज पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले, तरी टॅक्सीवाल्याला जुनेच नाव सांगावे लागते. एके काळी हा चित्रपटगृहांचा रस्ता. इथल्याच ‘मिनर्व्हा’त 1975 साली लागलेला ‘शोले’ पाच वर्षे मुक्काम ठोकून होता. ‘मिनर्व्हा’ आता नाही. रस्त्यावर राज्य आहे ते वायरींच्या भेंडोळ्यांचे, प्लगांच्या बरण्यांचे आणि “काय पाहिजे, साहेब?” या आरोळीचे.

पहिल्या दुकानातल्या तरुणाने मखमली पेटीतून एक तार काढली. सापाएवढी जाड, वर जाळीदार वेष्टन. “ऑक्सिजनमुक्त तांबे आहे, साहेब. आवाजात पडदाच उघडतो!” किंमत ऐकून माझ्या डोळ्यांपुढे मात्र पडदा आला.

तेथून निघून एका बोळातल्या अरुंद दुकानात शिरलो. गल्ल्यावर सत्तरीच्या घरातले एक कच्छी शेठ बसले होते. त्यांनी तार दाखवायच्या आधी प्रश्न विचारले. अंतर किती? स्पीकरच्या पाठीवर किती ओहम लिहिले आहेत? मी म्हटले, नऊ मीटर आणि आठ ओहम. शेठनी बिलाच्या मागे हिशेब मांडला. वीज जाऊन परत येते, म्हणून नऊचे अठरा मीटर धरायचे. ‘चौदा-छत्तीस’, म्हणजे छत्तीस गेजचे चौदा धागे, ही बारीक तार घेतली, तर तिचाच रोध पाऊण ओहम होतो. तो स्पीकरच्या विसाव्या हिश्शापेक्षा, म्हणजे 0.4 ओहमपेक्षा, कमी असावा. ‘चाळीस-छत्तीस’ त्यात बसते. “पण आठ लिहिले तरी काही सुरांना स्पीकर त्याच्या खाली उतरतो. अडीच एम. एम. घ्या. अंदाजे 0.12 ओहम. मग मागे वळून बघायला नको.”

मी मखमली पेटीची गोष्ट काढली. शेठ हसले. “साधे चांगले तांबे आणि ते तांबे यांत वहनाचा फरक जेमतेम एक टक्का. फसवणूक दुसरीकडे असते.” त्यांनी दोन तारा माझ्या हातात दिल्या. एक जड, एक हलकी. हलकीचा धागा ब्लेडने खरवडला, तर आत पांढरे ॲल्युमिनियम! वर नुसता तांब्याचा मुलामा. त्याच जाडीत तिचा रोध बराच अधिक.

मग टोकांचा धडा झाला. वरचे आवरण सोलताना धागे तुटता कामा नयेत. एक धागा जरी सुटून शेजारच्या खुंटीला टेकला, तर ॲम्प्लिफायरचे मरण. टोकाला सोल्डर चढवून ते स्क्रूखाली दाबू नये. सोल्डर मऊ, दाबाखाली हळूहळू पसरते आणि पकड सैल होते. धाग्यांना पीळ द्यावा आणि बनाना प्लगमध्ये घट्ट आवळावे. “आणि एका तारेवर रेघ आहे. ती दोन्ही टोकांना लालवरच गेली पाहिजे.”

अठरा मीटर तार आणि आठ प्लग घेऊन मी विजयी मुद्रेने घरी आलो. रविवारची सकाळ जोडणीत गेली. भीमसेनांची एल. पी. लावली. मुले टाळ्या वाजवू लागली. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. दोन मिनिटांनी त्यांनी हात वर केला.

“अरे, तबलजीचा डग्गा कुठे गेला?”

मी म्हणालो, “अण्णा, रेकॉर्ड जुनी आहे.”

“रेकॉर्ड माझी आहे. डग्गा होता. आणि भीमसेन समोर बसून गात नाहीत, खोलीभर हिंडताहेत.”

क्षणभर मला वाटले, अण्णांचे कानही आता थकले. ते तोंडाने बोललो नाही हे नशीब. पलंगामागे वाकून पाहिले, तर उजव्या स्पीकरची रेघ काळ्या खुंटीवर! एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात होता. खर्जाचे सूर एकमेकांना खाऊन टाकत होते.

ॲम्प्लिफायर बंद करून प्लग बदलले. पुन्हा सुई ठेवली. डग्ग्याची घुमारदार थाप आली आणि भीमसेन समोरच्या भिंतीपाशी येऊन बसले. अण्णा काही बोलले नाहीत. पांघरुणातून त्यांचा हात बाहेर आला आणि पलंगाच्या कडेवर बोटे ठेका धरू लागली.

बाजू संपल्यावर म्हणाले, “उलटून लाव. आणि हो, तार कुठून आणलीस?”

“लॅमिंग्टन रोडवरून.”

“तरीच,” अण्णा म्हणाले. “तार चांगली आहे. जोडणारा नवशिका आहे.”