डावा कान

इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या माणसाला कमी ऐकू येणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. २६ वर्षे खडखडाटात काढलेल्या अण्णांचा डावा कान गेला, तेव्हा घरात कोणी मनावर घेतले नाही. कानाच्या डॉक्टरांनी मात्र श्रवणचाचणीचा आलेख पाहून एमआरआय काढायला सांगितले. “मागाचा आवाज बहुधा दोन्ही कान सारखेच खातो. तुमचा एकच का गेला?”

कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या मज्जातंतूवर क्वचित गाठ वाढते. ती कर्करोगाची नसते, सावकाश वाढते. पण मोठी झाली तर मेंदूवर दाब आणते. कवटीच्या हाडाआड असल्याने वरून तपासून ती कळत नाही. शिरेतून औषध देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये मात्र काही मिलिमीटरची गाठही दिसते. कॉलेजची पायरी चढलेला घरात मीच पहिला, म्हणून अण्णांना हे समजावणे माझ्याकडे आले. मी तर कला शाखेचा!

यंत्राचा आवाज फार मोठा, म्हणून तिथे कानात घालायला बोळे देतात. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, “एवढ्याला बोळं व्हय? खात्यात कधी कुणी दिलं न्हाईत.”

गाठ निघाली नाही. आईने देवापुढे साखर ठेवली. अण्णांनी विचारले, “मग कान कशानं गेला?” अहवालात त्याचे उत्तर नव्हते. सहा महिन्यांनी पुन्हा श्रवणचाचणी आहे. तोवर उजवा कान जपा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. अण्णांची रात्रपाळी सोमवारपासून सुरू झाली.