बुडाजवळचा ठसा

सांगलीच्या बाजारपेठेतील हळदीच्या एका जुन्या पेढीवर, गादीमागच्या कोनाड्यात, तपकिरी रंगाची एक जाडजूड बाटली कित्येक वर्षांपासून उभी होती. उंची वीतभर, खांदे उतरते, तोंडाला शाई ओतण्यासाठी लहानशी पन्हळ. पणजोबांनी पेढीचा मुहूर्त केला त्या दिवशी मुंबईहून आणलेली ही बाटली, असे घरात सांगितले जाई. मुहूर्ताचे वर्ष 1876, हेही त्या कथेबरोबरच चालत आलेले. दर दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी या बाटलीलाही कुंकवाचे बोट लागे.

2026 साली पेढीला दीडशे वर्षे पूर्ण होणार, म्हणून थोरल्या मुलाने समारंभाची आखणी केली. ‘स्थापना 1876’ असा सोनेरी अक्षरांचा फलक रंगवून तयार झाला. निमंत्रणपत्रिका छापखान्यात गेली. पत्रिकेसोबत द्यावयाच्या पुस्तिकेत बाटलीचे छायाचित्र असावे, असे ठरले आणि ती स्वच्छ करण्याचे काम सूनबाईंकडे आले.

कोमट पाणी आणि मऊ कुंचला यांनी वर्षानुवर्षांचे कुंकू व धूळ निघाली, तेव्हा बुडाजवळ एक लंबवर्तुळाकार ठसा दिसू लागला. अक्षरे पुसट होती. सूनबाईंनी खोली अंधारी करून दिवा एका बाजूने तिरपा धरला, मग पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी फिरवली. कागदावर तीन शब्द उमटले : डोल्टन, लॅम्बेथ, इंग्लंड.

या प्रकारच्या भांड्यांची माती सुमारे 1200 ते 1300 अंश सेल्सिअस उष्णतेत भाजली जाते. त्यामुळे ती दगडासारखी घट्ट होते आणि तिच्यात शाई किंवा लोणच्याचा खार मुरत नाही. भट्टी ऐन तापलेली असताना आत मीठ टाकीत. त्याची वाफ मातीतील वाळूच्या अंशाशी एकजीव होऊन संत्र्याच्या सालीसारखी बारीक खरबरीत चकाकी येई. कारखान्याचा ठसा मात्र त्याआधी, माती ओली असतानाच दाबला जाई. वरून रंगवलेली खूण मागाहूनही काढता येते. मातीत दाबलेली अक्षरे भाजल्यानंतर बदलता येत नाहीत. म्हणून अशा ठशाची साक्ष वजनदार मानली जाते.

जॉन डोल्टन यांनी 1815 मध्ये लंडनच्या लॅम्बेथ भागात या धंद्यात भागीदारी घेतली. पुढे अनेक वर्षे ‘डोल्टन अँड वॉट्स’ हे नाव होते. 1850 नंतरच्या दशकात वॉट्स निवृत्त झाल्यावर ते गेले. ‘रॉयल डोल्टन’ हे नाव विसाव्या शतकाच्या आरंभी राजाश्रय मिळाल्यावर आले. अशा रीतीने नुसत्या नावावरूनही काळाच्या सीमा आखता येतात. तथापि या बाटलीवर निर्णायक शब्द होता ‘इंग्लंड’. 1890 च्या मॅकिन्ली कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे 1891 पासून सक्तीचे झाले आणि इंग्रज कारखानदार आपल्या ठशात ‘इंग्लंड’ हा शब्द घालू लागले. तो शब्द नसला तर फारसे सिद्ध होत नाही, कारण इतर देशांत जाणाऱ्या मालावर त्याची सक्ती नव्हती. तो असला, तर मात्र ती वस्तू सर्वसाधारणपणे 1891 नंतरची समजतात.

सूनबाईंनी तो कागद अण्णांपुढे ठेवला. “अण्णा, ही बाटली 1876 ची असेल असे वाटत नाही.”

थोरला मुलगा अस्वस्थ झाला. “समारंभाला आलेले लोक बाटलीचे बूड पाहायला वाकणार आहेत का?”

“आपण वाकलो ना,” अण्णा म्हणाले.

तरीही एका बाटलीवरून पेढीचे वय ठरवणे त्यांना घाईचे वाटले. बाटलीची कथा चुकीची आणि साल बरोबर, असेही असू शकत होते. त्यांनी माळ्यावरची पेटी उतरवली. तीतील सर्वांत जुनी चोपडी संवत 1953 ची, म्हणजे 1896 च्या दिवाळीपासूनची होती. त्याआधीच्या चोपड्या गहाळ झाल्या असाव्यात, असे सर्वांनी आजवर गृहीत धरले होते. अण्णांना वडिलांनी मोडी शिकवली होती. भिंग घेऊन ते पहिले पान सावकाश वाचू लागले.

त्या पानावर मागील बाकी नव्हती. येणे नव्हते, देणे नव्हते. जमेला पणजोबांचे आणि त्यांच्या मेहुण्यांचे भांडवल होते. खर्चाला दुकानाचे भाडे, तराजू, वजने, बारदान आणि गादीचे कापड होते. वीस वर्षे चाललेल्या पेढीच्या चोपडीत मागील बाकी ओढलेली नाही, असे होत नाही. ही गहाळ चोपड्यांच्या नंतरची चोपडी नव्हती, पहिलीच होती. 1876 हे कदाचित पणजोबांचे जन्मसाल असेल आणि सांगता सांगता पेढीला चिकटले असेल.

मुलगा बराच वेळ बोलला नाही. छपाईचा खर्च वाया जाणार होता, शिवाय समोरच्या पेढीच्या फलकावर 1890 हे साल होते. शेवटी तो म्हणाला, “अण्णा, मग आपण त्यांच्यापेक्षा धाकटे ठरतो.”

“धाकटे आहोत, तर धाकटेच म्हणवून घ्यायचे. अरे, पणजोबांनी जे लिहिले तेच फलकावर असू दे. त्यांच्या अक्षराबाहेरची वीस वर्षे आपण कोणाच्या खात्यातून उचलणार?”

दुसऱ्या दिवशी मुलगा स्वतः छापखान्यात जाऊन काम थांबवून आला आणि परतताना पेंटरकडेही थांबला. समारंभ झाला, तो 130 वर्षांचा. फलकावर आता ‘संवत 1953 पासून’ एवढेच आहे. बाटली कोनाड्यात पूर्वीसारखीच उभी आहे. दिवाळीला तिला कुंकवाचे बोट लागते; फक्त ते आता खांद्यावर लावतात, ठसा मोकळा राहावा म्हणून.