कोल्हापूरची थकबाकी

कोल्हापूरला निघालेल्या पाहुण्यांचे फोन मला वर्षभर येत असतात. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा हे त्यांचं आधीच ठरलेलं असतं. माझ्याकडून हवं असतं ते एवढंच की मिसळ कुठं खायची, मटण कुठं खायचं आणि चपला कुठं घ्यायच्या. मी सांगतो. उद्यमनगरातली फडतरे सांगतो, बावड्याची मिसळ सांगतो, खासबागेतली राजाभाऊंची भेळ सांगतो. ही नावं आता पुण्या-मुंबईच्या माणसांनाही तोंडपाठ आहेत, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. पण चवीच्या बाबतीत माझी साक्ष कुणी धरू नये. या गावात मी बरीच वर्षं उधारीवर जेवलो आहे, आणि ज्यांनी उधार दिलं त्यांच्याकडचं मला अजूनही सगळ्यांत चांगलं लागतं.

1983 साली आजरा तालुक्यातून मी इथं कॉलेजला आलो तो एक ट्रंक आणि वळकटी घेऊन. बोर्डिंगात कॉट मिळाली. शाहू महाराजांनी 1901 पासून एकेका समाजाच्या पोरांसाठी कोल्हापुरात बोर्डिंगं उभी केली. मराठा झालं, जैन झालं, मुस्लिम झालं, 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क झालं. खेड्यातलं पोर शहरात टिकायचं तर आधी त्याच्या डोक्यावर छप्पर पाहिजे, हे त्यांना कळलं होतं. माझ्या नावावरचं पहिलं देणं ते. फेडायचा प्रश्न येत नाही, सावकार 1922 सालीच गेले.

छप्पर मिळालं, पोटाचं बाहेर बघायचं होतं. मंगळवार पेठेतल्या एका बोळात मावशींची घरगुती खानावळ होती. पाटी नव्हती. सोप्यात दोन बाकडी आणि भिंतीला टेकवलेले पाट, त्यावर आम्ही विद्यार्थी, एसटीचे दोन कंडक्टर आणि मार्केट यार्डात गुळाच्या अडत्याकडं कारकुनी करणारे एक अबोल गृहस्थ. आठवडाभर भाकरी, आमटी, कधी झुणका. रविवारी मटण. त्या दिवशी कंडक्टरसुद्धा ड्युटी बदलून घ्यायचे.

मावशींचा पांढरा रस्सा मी चुलीशेजारी बसून पाहिला आहे, म्हणून सांगतो. मटण आधी आलं-लसूण, हळद आणि मीठ लावून शिजवायचं. त्याचं जे पाणी सुटतं ते अळणी. हे अळणी घरातल्या लहान पोरांना आणि आजाऱ्याला पहिलं मिळायचं, मग बाकीच्यांचं. उरलेल्याचे दोन वाटे. एका वाट्यात चटणी पडली की तांबडा. दुसऱ्यासाठी तीळ, खसखस आणि काजू पाट्यावर गंधासारखे वाटायचे आणि नारळाचं दूध घालायचं. इथून पुढं मावशी कुणाशी बोलत नसत. विस्तव मागं ओढायच्या आणि पळी फिरवत राहायच्या, कारण उकळी आली की नारळाचं दूध फुटतं आणि रस्सा चोथापाणी होतो. आज हॉटेलात पांढरा म्हणून जे दाट, कणीक लावल्यासारखं वाढतात, ते बघून मला वाईट वाटतं. पांढरा रस्सा पातळ असतो. तो वाटीनं प्यायचा असतो.

दुसऱ्या वर्षी कारखान्याकडून उसाचं बिल लांबलं आणि वडिलांची मनीऑर्डर यायची थांबली. एक महिना मी काहीतरी सांगून ढकलला. पुढं लाज वाटायला लागली आणि मी खानावळीची वाटच सोडली. दुपारी नळाचं पाणी, संध्याकाळी चुरमुरे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी कंडक्टरांपैकी एक जण बोर्डिंगात आला. म्हणाला, ‘‘मावशीनं बोलावलंय. रस्सा निवायलाय.’’

गेलो. मावशींनी ताट वाढलं आणि वाढता वाढता झापलं, ‘‘पैसं आज येत्यात, उद्या येत्यात. ताटावर बसायचं चुकवायचं न्हाई. मी काय सावकार हाय व्हय दारात उभं करायला?’’ त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्यांनी पैशाचा विषय काढला नाही.

नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराचे पैसे घेऊन मी गेलो. मनात होतं की त्या नको नको म्हणतील, डोळ्यांत पाणी येईल, वगैरे. मावशींनी नोटा हातात घेतल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग म्हणाल्या, ‘‘ह्ये कमी हाईत. दिवाळीच्या आदल्या रविवारी तुझा मैतर आलता की जेवायला. त्याचं ताट कोण देणार?’’ वही नव्हती, पेन्सिल नव्हती. सगळं ध्यानात. मी त्या ताटाचेही पैसे दिले. पैसे पिठाच्या डब्यामागं गेले आणि मावशी म्हणाल्या, ‘‘आता बस, जेव. आजचं धरायचं न्हाई.’’

पुढच्या आयुष्यात मला बऱ्याच लोकांनी मदत केली, त्यांतल्या काहींनी ती चारचौघांत बोलूनही दाखवली. मावशींनी मला मदत अशी केलीच नाही, त्यांनी उधारी ठेवली. त्यामुळं मी कायम त्यांचं गिऱ्हाईकच राहिलो आणि पाटावर ताठ बसून जेवलो.

भाऊसिंगजी रोडनं जाताना मला म्हणूनच गंगाराम कांबळे आठवतात. गंगाराम संस्थानच्या पागेत कामाला होते. सवर्णांच्या हौदातल्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. भाऊसिंगजी रोडवर त्यांनी हॉटेल काढलं, सत्यसुधारक नावाचं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? मग महाराजच यायला लागले. गाडी हॉटेलासमोर थांबवायची, चहा मागवायचा, स्वतः घ्यायचा आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही घ्यायला लावायचा. छत्रपतीनं प्यालेल्या चहाला नाही कोण म्हणणार! भांडवल कुठलाही दयाळू राजा देईल. पुढं जाऊन त्या माणसाचं गिऱ्हाईक होणं अवघड असतं. महाराज गेल्यावर कोल्हापुरात त्यांचं स्मारक उभारायला पुढं आलेल्यांत हेच गंगाराम होते. मी त्या रस्त्यावर असलो की दिसेल त्या टपरीवर हाफ चहा घेतो. तहान असो नसो.

मिसळीचं देणं वेगळ्या जातीचं आहे. उद्यमनगरात फाउंड्र्यांच्या गल्लीत एक पत्र्याचं हॉटेल होतं. भट्टीवर रात्रपाळी केलेले कामगार सकाळी तिथं यायचे, हात काळे, डोळे लाल, आणि त्यांना कट असा लागायचा की कानातून वाफ निघावी. मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, वर फरसाण आणि चिवडा, त्यावर कांदा-कोथिंबीर, आणि मग पळीभर कट. सोबत ब्रेडच्या जाड स्लाइस. पुण्याचे लोक इथं येऊन पाव मागतात, त्यांनी मागू नये. स्लाइस कट जास्त पिते, हे एकदा खाऊन बघावं.

माझं अक्षर बरं होतं. हॉटेलमालकांनी एकदा मला वहीत लिहिताना पाहिलं आणि खडूनं लिहिलेला भावफलक दाखवून विचारलं, ‘‘ह्ये नीट रंगवून देशील?’’ मी ऑइलपेंटनं फलक करून दिला. मजुरी म्हणून महिनाभर मिसळ. फलक चांगला झाला असावा, कारण तिथं रोज खायला येणाऱ्या एका छापखानेवाल्यानं तो कुणी लिहिला म्हणून चौकशी केली आणि मला रात्रीच्या प्रुफांवर बसवलं. प्रुफांवरून दैनिकात गेलो, दैनिकात निवृत्त झालो. माझी सगळी कारकीर्द अशी त्या कटातून वर आलेली आहे. ते हॉटेल आता नाही. मालकांचा मुलगा स्पेअरपार्ट विकतो आणि मिसळ खायला मलाच घेऊन दुसरीकडं जातो.

दैनिकात मुलाखतीला जायचं ठरलं तेव्हा माझ्या पायात तुटक्या पट्ट्याची स्लीपर होती. सुभाषनगरातले एक कारागीर छापखान्यात हँडबिलं छापायला यायचे, त्यांनी ती पाहिली. घरी नेलं, कागदावर पाऊल ठेवायला लावून पेन्सिलीनं माप काढलं. दोन्ही पायांचं वेगवेगळं. माणसाचे दोन पाय सारखे नसतात, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

त्यांच्या घरात सगळेच कामाला असत. ते स्वतः रापीनं तळ कापायचे, बायको वेणी घालायची, म्हातारे वडील आरीनं भोकं पाडून चामड्याच्याच वादीनं शिवायचे. खिळा कुठंही नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, तळाला जाड, वेणीला शेळीचं पातळ. पंज्याच्या दोन बाजूंना जे पसरट तुकडे असतात ते कान. कान सैल झाला तर पाय पुढं घसरतो, आवळला तर फोड येतो. त्यांनी चप्पल माझ्या पायात घालून अंगणात चालवलं, काढून घेतली, कान पुन्हा शिवला, पुन्हा चालवलं. पैशाचं विचारलं तर म्हणाले, ‘‘पायताण घालून जा की आधी. पैसं कुठं पळून जात्यात?’’ पैसे मी नंतर हप्त्यानं दिले, आणि मावशींप्रमाणं त्यांनीही ते पुरते घेतले.

2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत, आणि ते योग्यच आहे, हे कसब सीमा आखण्याच्या आधीचं आहे. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आपलीच चप्पल मॉडेलांच्या पायात घातली, नाव मात्र घेतलं नाही. इकडं गदारोळ उठल्यावर कंपनीनं मूळ कुठलं ते मान्य केलं. मी तेव्हा त्या कारागिरांच्या घरी गेलो होतो. ते स्वतः आता म्हातारे झालेत, मुलगा काम बघतो. नातवानं मोबाइलवर फोटो दाखवला. म्हाताऱ्यानं चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, ‘‘कान ढिला हाय.’’

गंगावेशीच्या दूध कट्ट्याचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं माझं देणं फार नाही. संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन येतात, समोर धार काढतात, फेसासकट दूध ग्लासात. परीक्षेच्या दिवसांत एक गवळी माझ्या ग्लासात मापावर वरचं घालायचा, ‘‘पैलवान दिसत न्हाईस, निदान मास्तर तरी हो’’ म्हणून. मास्तर झालो नाही.

मावशी गेल्या. शेवटची काही वर्षं त्या इचलकरंजीला लेकीकडं होत्या. लग्नानंतर माझ्या बायकोला त्यांनी चटणी शिकवली. लक्ष्मीपुरीत मिरची घ्यायची, रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. देठं घरी काढायची, मिरची उन्हात कडकडीत वाळवायची, कांदा चिरून वाळवून तळायचा, खोबरं, तीळ, धणे, गरम मसाला वेगवेगळं भाजायचं. मग सगळं डंकावर न्यायचं आणि लसूण घालून कुटून होईपर्यंत तिथून हलायचं नाही. डंकवाल्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, मावशी म्हणायच्या, तर शिंका आल्याशिवाय चटणी आपली होत नाही म्हणून. आमच्या घरी अजून तीच चटणी होते.

तेव्हा कोल्हापूरला याल ते पाहुणे म्हणून या, पण गिऱ्हाईक म्हणून वागा. पाटी नसलेली खानावळ दिसली तर आत डोकवा. रस्सा लागेल तितका मागा, त्यात लाजायचं कारण नाही. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत हाती शिवलेला जोड मिळाला तर घासाघीस करू नका, सांगितलेले पैसे मोजा, आणि तो जोड पावसात घालू नका. दूध संध्याकाळी प्यायला जा, सुट्टे पैसे ठेवा. आणि चटणी न्यायची असेल तर मार्च-एप्रिलात या, डबा घेऊन. पाऊस लागल्यावर आलात तर गेल्या हंगामातली मिळेल, ताजी नाही.